विणकाम, फेल्ट आणि गोधडी: पाण्यात घालण्याआधी वाचायचे प्रश्न

गेल्या वर्षभरात माझ्या हातून एक स्वेटर (तोही दोनदा), मोज्यांचा दीड जोड, लोकरीच्या सपाता, पाण्याशिवाय केलेली एक लोकरी चिमणी आणि जुन्या शर्टांची गोधडी एवढं झालं. ते पाहून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की निम्मे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात: वस्तू पाण्यात गेली की तिचं काय होतं? विणणाऱ्याला आटण्याची धास्ती, फेल्ट (म्हणजे लोकर चोळून, आटवून केलेलं कापड) करणाऱ्याला त्याचीच ओढ, आणि गोधडीला ते हवं असतं, पण चवीपुरतं.

स्वेटर दोनदा का विणलात?

कारण पहिला माझ्यापेक्षा दोन मापं मोठ्या माणसाचा झाला. लिहिलेल्या नमुन्यात 10 सेंमीत 22 टाके सांगितले होते. मी आधी मापासाठी छोटा तुकडा विणला, मोजपट्टी लावली, बरोबर 22 भरले. खूष होऊन 220 टाके घातले, म्हणजे छातीचा घेर 100 सेंमी. विणून झाल्यावर अंगात घालून पाहिला तर शिवून घेतल्यासारखा बसला. मग धुतला. वाळल्यावर घेर 110 सेंमी, आणि बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत.

चूक एवढीच की तुकडा मी कोरडाच मोजला होता. नंतर तोच तुकडा शोधून पाण्यात बुडवला, वाळवला, मोजला, तर 10 सेंमीत 20 टाके. दोन टाक्यांचा फरक बोलायला काहीच नाही, पण 220 टाक्यांना 20 नी भागून पाहा, पूर्ण 10 सेंमी वाढतात.

ही लोकर 'सुपरवॉश' म्हणजे मशीनमध्ये धुता येणारी होती. तिच्या तंतूंवरचे खवले क्लोरिनच्या प्रक्रियेने बोथट केलेले असतात आणि वर पॉलिमरचा पातळ लेप दिलेला असतो. म्हणून ती आटून घट्ट होत नाही. पण त्याच कारणाने तिचे तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत. ओली झाली की स्वतःच्या वजनाने पसरते. साधी, प्रक्रिया न केलेली लोकर असती तर मी कदाचित सुटले असते आणि धडा आणखी एका स्वेटरापुरता लांबला असता.

तुकडा किती मोठा विणायचा?

निदान 15 सेंमी चौरस, आणि मोजायचे मधले 10. कडेचे टाके कधी सैल, कधी घट्ट असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. जी वस्तू जशी धुणार असाल, तसाच तुकडा धुवा आणि ताणून न बसवता आडवा वाळवा. स्वेटर गोल सुईवर (दोरीने जोडलेली दोन टोकं, सलग नळीसारखं विणायला) विणणार असाल तर तुकडाही गोलच विणा. सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक उलट येते, गोलात सगळ्या सुलट. बहुतेकांचा हात उलट टाक्याला किंचित सैल पडतो, त्यामुळे दोन्हींचं माप सारखं येत नाही.

टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट ठेवून विणायला जाऊ नका. तिसऱ्या दिवशी दूरध्वनीवर बोलता बोलता हात मूळ पदावर येतो.

स्वेटरला वेळ किती लागतो?

माझ्या स्वेटरच्या नुसत्या धडाच्या 220 टाक्यांच्या साधारण 180 ओळी झाल्या, म्हणजे 39,600 टाके. मिनिटाला 20 टाके धरले तर 33 तास. बाह्या, गळा, उसवाउसवी वेगळी. मी रोज जेमतेम तासभर विणते, त्यामुळे हिशेब तुम्हीच करा. मी करत नाही.

अगदी पहिल्यांदा काय विणावं? मफलर?

सगळे मफलर सुचवतात. माझं मत उलट आहे. मफलर सोपा असतो, पण संपत नाही, आणि अर्धवट मफलर कपाटात पडून राहिला की माणूस विणकामच सोडतं. टोपी विणा. तिच्यात टाके घालणं, सुलट-उलट, गोल विणणं, टाके कमी करणं असं सगळं येतं, आणि चार-पाच संध्याकाळीत ती डोक्यावर असते. बिघडली तरी टोपीला कुणी नावं ठेवत नाही, कारण डोकं तिला ताणून घेतं.

विणलेल्याच्या कडा आतल्या बाजूला का गुंडाळतात? धुऊन सरळ होतील?

होणार नाहीत. हा एक प्रश्न पाण्याने सुटत नाही. एका बाजूने सगळं सुलट दिसणाऱ्या विणीत प्रत्येक फास एकाच दिशेला वाकवलेला असतो आणि त्याला सरळ व्हायचं असतं. म्हणून डाव्या-उजव्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे वळते. ओलं करून टाचण्या लावल्या तर दोन दिवस शहाण्यासारखं पडून राहतं आणि मग पुन्हा वळतं. उपाय विणतानाच करायचा: कडेला दोन सुलट दोन उलट घ्या किंवा सगळ्या ओळी सुलट विणा. दोन्ही प्रकारांत पुढचा आणि मागचा ओढा सारखा होतो.

टाका सुटून खाली गेला. उसवावं लागेल का?

साध्या विणीत नाही. सुटलेल्या टाक्याच्या वर शिडी दिसते, आडव्या धाग्यांची. क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला आणि शिडीची एकेक पायरी खालून वर ओढत आणा. दहा ओळी खाली गेलेला टाकासुद्धा पाच मिनिटांत वर येतो. जाळीच्या नमुन्यात मात्र हे काम जिकिरीचं आहे. त्यासाठी दर वीसेक ओळींनंतर सगळ्या टाक्यांमधून एक वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. चुकलं तर सुई काढून त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं. हा दोरा ओवण्याचा कंटाळा मी दोनदा केला, तिसऱ्यांदा केला नाही.

लोकरीचा गुंडा संपला की नवा जोडायचा कसा? गाठ मारली तर चालते का?

गाठ आज ना उद्या उजव्या बाजूला डोकावते. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकांचे पीळ चारेक सेंमी उकला, अर्धे पदर काढून टाका, उरलेले एकमेकांवर ठेवा, थेंबभर पाणी लावा आणि तळहातांमध्ये जोरात चोळा. हात गरम झाले की जोड पक्का. जुनी विणणारी माणसं पाण्याऐवजी सरळ थुंकी लावतात, आणि ती चालतेही. दुसऱ्यासाठी विणत असाल तर ते सांगू नका.

हा जोड म्हणजे दोन बोटांत केलेलं फेल्टच आहे. म्हणून तो सुपरवॉश लोकरीत, सुतात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये होत नाही. तिथे कडेला नवा गुंडा लावा, लांब टोकं ठेवा आणि शेवटी मागच्या बाजूने ओवून टाका.

कुणीतरी लेबल नसलेली लोकर दिली आहे. खरी की अ‍ॅक्रिलिक, कसं ओळखायचं?

बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाणी ठेवून जाळून पाहा. खरी लोकर कशीबशी पेटते, ज्योत दूर नेली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे टणक काळा मणी उरतो. थेंब गरम असतो, तेव्हा बोटात धरून प्रयोग नको. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात आणि निकाल लागत नाही. तेव्हा तुकडा विणून गरम साबणाच्या पाण्यात चोळा. आटला तर त्यात लोकर भरपूर आहे.

म्हणजे अ‍ॅक्रिलिक वाईट?

मुळीच नाही. लहान मुलांच्या, रोज धुवाव्या लागणाऱ्या कपड्यांना मी तेच वापरते. कसरही लागत नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाण्याने ते आकार घेत नाही, त्यामुळे विणीत जे वाकडं आहे ते धुतल्यावरही वाकडंच राहतं. आणि इस्त्री टेकवू नका. उष्णतेने तंतूंतला जीवच जातो, कापड लुळं पडतं आणि पुन्हा उभं राहत नाही. माझ्या एका टोपीचं असं फडकं झालं होतं.

खरी लोकर टोचते. उपाय?

टोचणं हा तंतूच्या जाडीचा प्रश्न आहे. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं त्वचेला टेकली की वाकत नाहीत, रुततात. मेरिनो मेंढीची लोकर सहसा 24 मायक्रॉनच्या आत असते, म्हणून गळ्याशी चालते. जाड लोकर विकत घेऊन झाली असेल तर तिची सपाता किंवा पिशवी करा. धुऊन ती थोडी मऊ होते, पण जाड तंतू बारीक होत नाही.

मोज्यांचा दीड जोड म्हणजे?

एक जोड पूर्ण आणि दुसऱ्यातला एकच मोजा. पहिला मोजा उत्साहाने होतो, दुसरा कर्तव्य म्हणून. आता मी लांब गोल सुईवर दोन्ही शेजारी शेजारी विणते: 2.5 मिमी सुई, प्रत्येकी 64 टाके, 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन. नायलॉन टाचेसाठी हवं. मोजा पायाच्या घेरापेक्षा दहाएक टक्के लहान विणा, नाहीतर बुटात घसरून पंजाखाली गोळा होतो.

फेल्ट म्हणजे नेमकं काय? विणलेलं असतं का?

नाही, आणि मला सगळ्यात जास्त मौज याचीच वाटते. कापड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभे-आडवे धागे येतात. फेल्टमध्ये धागाच नसतो. पिंजलेली लोकर, म्हणजे जिला आपण नमदा (लोकरीची जाड चटई) करताना एकमेकांवर थर घालून दाबतो ती, थेट कापड होते.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात, सगळे एका दिशेला, टोकाकडे झुकलेले. गवतातून चालून आल्यावर कपड्याला अडकलेलं कुसळ आठवा. ते हलवलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. लोकरीचा तंतूही तसाच. गरम पाण्याने आणि साबणाने तो मऊ आणि निसरडा होतो, चोळलं की सरकतो, सरकला की शेजाऱ्यांच्या गर्दीत अडकतो आणि परत येऊ शकत नाही. हजारो तंतूंचं हे एकाच वेळी चाललं की थर घट्ट होत जातो आणि आकाराने लहान होतो. आटणं म्हणतात ते हेच.

गरम-गार पाण्याचा आलटून पालटून झटका द्यायलाच हवा असं बरेच जण सांगतात. मी दोन्ही करून पाहिलं. काम करतं ते चोळणं. उष्णता आणि साबण त्याचा वेग वाढवतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की लोकरीचा स्वेटर कोमट पाण्यात नुसता बुडवून ठेवला तर त्याला काही होत नाही. तो पिळला, घासला, मशीनमध्ये घुसळला की मग तुमची वाट लागते.

मेंढीची साधी लोकर, अल्पाका, मोहेर यांचं फेल्ट होतं. सुताचं होत नाही, अ‍ॅक्रिलिकचं नाही, सुपरवॉशचं तर नाहीच. त्याचे खवले आधीच बोथट केलेले. पांढरीशुभ्र, ब्लीच केलेली लोकरही पुष्कळदा हट्टी असते. पूर्ण पिशवी विणण्याआधी पुन्हा तेच: तुकडा, गरम पाणी, साबण.

आटणं किती धरायचं? माझ्या सपाता बाहुलीच्या मापाच्या झाल्या.

बहुतेकांची चूक लोकरीत नसते, गणितात असते. पाय 25 सेंमी आणि आटणं 35 टक्के. मग 25 मध्ये 35 टक्के मिळवून 34 सेंमी धरले जातात. पण आटणं मोठ्या मापावर होतं. 34 मधून 35 टक्के गेले की उरतात 22. बरोबर हिशेब भागाकाराचा: 25 भागिले 0.65, म्हणजे 38.5 सेंमी. साडेचार सेंमीचा हा फरक म्हणजे टाचेच्या बाहेर राहिलेला पाय.

किती टक्के आटेल ते लोकर आणि तुमचा हात ठरवतात. ओल्या फेल्टला 30 ते 40 टक्के धरून चला आणि आधी 20 सेंमीचा चौकोन करून नक्की आकडा काढा. विणून मग आटवत असाल (पिशव्यांसाठी मी तेच करते) तर जाड सुईवर सैल विणा आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: साधी वीण रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटते. माझी पहिली पिशवी उभी विणली होती, झाली आडवी.

सपाता कशा केल्या?

पातळ प्लास्टिकचा पायाच्या आकाराचा पण 38.5 सेंमी लांब साचा कापला. त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकरीचे पातळ थर, एक उभा, एक आडवा, असे चार चार. कडा वळवून दुसऱ्या बाजूवर घेतल्या, म्हणजे शिवण राहतच नाही. वर जाळीचं कापड, गरम साबणाचं पाणी, आणि आधी हलक्या हाताने. इथे घाई केली तर थर सरकतात आणि तळव्यात पातळ खड्डा पडतो. चिमटीत धरल्यावर तंतू सुटे वर येईनासे झाले की जोर लावायचा, बबल रॅपमध्ये गुंडाळून लाटायचं, दर थोड्या वेळाने दिशा बदलून. कारण ज्या दिशेने लाटाल त्या दिशेने आटतं. शेवटी वर चीर देऊन साचा काढला आणि सपाता सरळ पायात घालून तिथेच चोळल्या, पायाच्या मापाला येईपर्यंत. पाय दोन दिवस साबणासारखे गुळगुळीत होते.

तळाला काहीतरी खरखरीत लावा. फेल्ट गुळगुळीत फरशीवर घसरतं.

चिमणी पाण्याशिवाय केली म्हणता. मग फेल्ट कसं?

सुईने. फेल्टची सुई तीन धारांची असते आणि तिच्या कडांना टोकाकडे झुकलेल्या खाचा असतात. आत जाताना त्या खाचा तंतूंना धरून आत नेतात, बाहेर येताना सोडून देतात. हजार वेळा भोसकलं की सैल लोकरीचा टणक गोळा होतो. खवल्यांचं काम इथे खाचा करतात.

सुईवरचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. मी आकार द्यायला 36, बहुतेक कामाला 38 आणि शेवटच्या सफाईला 40 वापरते. आतल्या गाभ्याला महागडी मेरिनो घालू नका. जाड, खरबरीत लोकर लवकर घट्ट होते. मऊ वर लावायला. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढा. वाकवली की टोक मोडतं आणि चिमणीच्या पोटात राहतं. माझ्या चिमणीच्या पोटात एक आहे. म्हणून ती लहान मुलांच्या हातात देत नाही.

बोटांना चामड्याची टोपणं मिळतात, ती घ्या. चोच कशी केली असंही विचारतात: चोच चार वेळा केली. पहिल्या तीन वेळा ती पोपट दिसत होती.

चुकून आटलेला स्वेटर परत मोठा करता येतो का?

केसांच्या कंडिशनरच्या पाण्यात भिजवून हळूहळू ताणला तर थोडा सैलावतो, पण तो आकार फक्त उलगडलेला असतो. तंतू खरोखर गुंतले असतील तर परतीची वाट नाही. टाके अजून वेगवेगळे दिसत असतील तर प्रयत्न करा. एकजीव झाले असतील तर कात्री घ्या. आटलेलं कापड कापलं तरी त्याचे धागे सुटत नाहीत. हातमोजे, चष्म्याचं घर, टाचण्यांची उशी असं बरंच काही निघतं.

जुन्या शर्टांची गोधडी करताना काय सांभाळलं?

शर्टाची पाठ वापरली. एका पाठीतून चार ते सहा चौकोन निघतात. कोपर आणि कॉलरजवळचं कापड विरलेलं असतं, ते सोडलं. 8.5 इंचांचे 42 चौकोन कापले. चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) गेली की प्रत्येक 8 इंचांचा उरतो. 6 आडवे, 7 उभे, म्हणजे 48 बाय 56 इंच.

मायेत जास्त-कमी करू नका. (मी कापडाबद्दल बोलते आहे.) शिवण 1 मिमी आत गेली तर दोन्ही तुकड्यांचा मिळून 2 मिमी जातो. पाच शिवणींत 1 सेंमी. एका ओळीत असं झालं आणि दुसरीत नाही झालं की कोपरे जुळत नाहीत आणि मग माणूस कापडाला दोष देतं. मशीनच्या पट्टीवर पाव इंचावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवा.

चौकोन धाग्याच्या सरळ कापा. उरेब, म्हणजे तिरपी कापलेली कड ताणली जाते आणि लाटेसारखी उठते. मऊ, वापरलेल्या शर्टांना कापण्याआधी स्टार्च दिला तर कापड कात्रीपुढे पळत नाही. शिवणी इस्त्रीने एका बाजूला दाबा: पहिल्या ओळीत सगळ्या उजवीकडे, दुसरीत डावीकडे. दोन ओळी जोडताना त्या एकमेकांत खाचेसारख्या बसतात आणि कोपरा बोटालाच कळतो. इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवा.

कापड आधी धुवायचं का?

शर्ट वर्षानुवर्षं धुतलेले होते, त्यांना जेवढं आटायचं ते आटून झालं होतं. अस्तर मात्र कोरं सुती होतं. ते न धुता लावलं असतं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडलं असतं आणि वरचा थर झोळ धरून बसला असता. म्हणून अस्तर धुतलं. सगळंच कापड कोरं असेल तर सगळं धुवा किंवा काहीच धुऊ नका, अर्धं-अर्धं नको. गडद लाल आणि निळा मात्र नेहमी तपासा: ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळा, रंग उतरला तर आधी वेगळा धुवून घ्या. गोधडी झाल्यावर रंग लागलाच तर ती वाळू देऊ नका, लगेच भरपूर पाण्यात आणि साबणात बुडवा.

मधे भर कसली घातली? आणि धावदोरे किती अंतरावर?

सुती भर. ती धुतल्यावर 3 ते 5 टक्के आटते आणि टाक्यांच्या मधलं कापड बारीक सुरकुततं. गोधडी जुनी, वापरातली वाटते ती त्यामुळे. 56 इंचांची गोधडी धुतल्यावर 54 झाली आणि मी यावेळी खूष झाले. पॉलिएस्टरची भर आटत नाही. तिच्यावरचे टाके उठून दिसतात, सुरकुत्या येत नाहीत.

धावदोऱ्यांतलं कमाल अंतर भरीच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, काही भरींना 8 ते 10 इंचांपर्यंत चालतं. अंतर जास्त चालणारी भर सहसा सुयांनी ठोकलेली असते, म्हणजे हजारो खाचांच्या सुया तिच्यातून वरखाली नेऊन तंतू गुंतवलेले. चिमणीवर मी एका सुईने केलं ते कारखान्यात पाटाच्या मापाने होतं. मी तरी 4 इंचांवर धावदोरे घातले. सैल सोडलेली भर काही धुण्यांनंतर गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसते.

तीन थर सरकतात. चुण्या कशा टाळायच्या?

अस्तर उलटं जमिनीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, ताठ पण ताणून नव्हे. वर भर, वर शर्टांचा थर. मधून बाहेर, मुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना. या कामाला गुडघे लागतात आणि त्याची वाच्यता कुठेच होत नाही. धावदोरेही मधून सुरू करून कडेकडे न्या. मशीनवर करणार असाल तर वॉकिंग फूट लावा, तो वरचं आणि खालचं कापड सारख्या वेगाने ओढतो.

मी हाताने केले, अंगुस्तान घालून. टाके बारीक हवेत असं दडपण घेऊ नका. सारखे असले की मोठेही देखणे दिसतात.

गोट किती लागतो?

गोट म्हणजे कडेला लावायची पट्टी. परीघ अधिक फूटभर. माझा 208 अधिक 12, म्हणजे 220 इंच. अडीच इंचांच्या सहा पट्ट्या तिरप्या जोडल्या, दुमडून लावल्या. कोपऱ्यात कडेच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी वर दुमडा, परत खाली आणा. आधी रद्दी कापडावर करून पाहा.

हे सगळं किती जुनं आहे?

फेल्ट सगळ्यांत जुनं असावं, कारण त्याला ना माग लागतो ना सुई. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या गोठलेल्या थडग्यांत इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकातलं फेल्ट सापडलं. त्यात फेल्टचे भरलेले हंससुद्धा आहेत, आणि माझ्या चिमणीपेक्षा ते बरेच बरे आहेत.

विणकाम त्या मानाने कालचं. इजिप्तमध्ये तिसऱ्या ते पाचव्या शतकातले अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे सापडले आहेत आणि ते विणलेले म्हणून सांगितले जातात, पण ते एकाच नाकवाल्या सुईने, दोऱ्याचे फास ओवून केलेले आहेत. विल्यम ली या इंग्रज माणसाने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं, म्हणजे 'हाताने का विणता?' हा प्रश्न चारशे वर्षांहून जुना आहे. गोधड्यांपैकी सिसिलीत साधारण 1360 ते 1400 च्या दरम्यान केलेली, त्रिस्तान या मध्ययुगीन युरोपीय दंतकथेतल्या वीराच्या कथेची चित्रं उठवलेली एक अजून टिकून आहे. तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

कसर लागू नये म्हणून काय करता?

धुऊन ठेवते. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन खातात, आणि घामाचे, खाण्याचे डाग असलेला भाग त्यांना आधी आवडतो. घट्ट झाकणाचा डबा किंवा बंद पिशवी, आणि अधूनमधून झटकणं. शंका आली तर पिशवीत बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. डांबरगोळ्या मी ठेवत नाही, तो वास स्वेटरच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो.

हाताने केलेल्या लोकरी वस्तू धुवायच्या कशा?

कोमट पाणी, सौम्य साबण, वीस मिनिटं नुसतं बुडवून ठेवणं. चोळायचं नाही, वाहत्या नळाखाली धरायचं नाही. उचलताना दोन्ही हातांनी खालून. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, पाणी निघतं. आडवं वाळवा. क्लोरिनचं ब्लीच चुकूनही नको, त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

विकत करून देता का?

नाही. 39,600 टाके.

सध्या सुयांवर काय आहे?

काही नाही. पहिला, 110 सेंमीचा स्वेटर मी परवा उसवला. उसवलेली लोकर नूडल्ससारखी वळलेली असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिच्या लडी केल्या, चार जागी सैल बांधल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि टांगून वाळवल्या. आता ती सरळ आहे. काल तिचा 15 सेंमीचा तुकडा 3.5 मिमीच्या सुईवर विणला. कोरडा असताना 24 टाके भरले. रात्री धुतला. सकाळी हात लावून पाहिला तर मध्ये अजून ओलसर होता, म्हणून मोजलेला नाही.